साडेचारच्या पुढे

स्क्रीन पुन्हा काळी झाली.

"पडला," भाऊ म्हणाला. "साडेचारच्या वर नेला की मान टाकतो. ताई, सोड आता."

तिने बटण दाबलं. सेटिंगच्या पानावर जाऊन वेग किंचित खाली आणला, व्होल्टेज किंचित वर नेलं आणि मशीन परत सुरू केलं. पंखा घोंघावू लागला. कोपऱ्यातला तापमानाचा आकडा भराभर चढला, लाल झाला, आणि वेग आपोआप घसरून साडेचार गिगाहर्ट्झवर येऊन बसला. ये रे माझ्या मागल्या.

बाबांनी आयुष्यभर लोकांचे कॉम्प्युटर जोडले, दुरुस्त केले. दुकान बंद केल्यावर हा एकच स्वतःसाठी जोडला, हौसेने. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवता येईल असा प्रोसेसर मुद्दाम शोधून आणला. पाचपर्यंत नेतो म्हणाले होते. तो साडेचारच्या पुढे गेला नाही. आजारी पडल्यावरही ते त्याच्यापुढे जाऊन बसायचे. एकदा फोनवर तिला म्हणाले, "हात गेला बघ माझा."

आता बाबा नव्हते, आणि उद्या भाऊ ते मशीन आपल्या घरी नेणार होता. त्याआधी तिला एवढंच पाहायचं होतं, की खोट चिपमध्ये आहे. हातात नाही.

सकाळपासून सगळं करून झालं होतं. मेमरीच्या पट्ट्या काढून अदलूनबदलून लावल्या. भावाने आपल्या घरचा पॉवर सप्लाय आणून जोडून पाहिला. डब्याची बाजू उघडी टाकून समोर टेबलफॅन ठेवला, तर कागद तेवढे उडाले.

"प्रोसेसरवरचा तो पंख्याचा ठोकळा उतरवू," भाऊ म्हणाला. "एवढं तापतंय म्हणजे उष्णता त्या ठोकळ्यापर्यंत पोचतच नाहीय, तिथेच काहीतरी आहे."

"तो बाबांनी बसवलाय."

"अगं, सगळंच बाबांनी बसवलंय. मेमरी उपसताना नाही आठवलं तुला."

"खाली पेस्ट कशी लावायची ते तू बाबांना शिकवणार?"

"मी कशाला शिकवतोय. मला भूक लागलीय. आणि दुपारपासून तू माझ्याशी अशी बोलतेयस, जसा मीच साडेचारवर अडलोय."

तिने त्याच्या हातून स्क्रूड्रायव्हर घेतला. बाबांनी शिकवल्याप्रमाणे आधी इकडचा स्क्रू, मग त्याच्या समोरचा, असे थोडे थोडे सैल केले. वाळलेल्या पेस्टने ठोकळा घट्ट धरला असेल म्हणून तिने जोर लावला, तर तो अलगद हातात आला. उलटा करून तिने तळाची पेस्ट फडक्याने पुसली. तांबं लखलखलं. पुन्हा एकदा पुसताना नखाला काहीतरी अडकलं.

एक कोपरा सुटला होता.

तिने तो ओढला. काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक निघत आलं. कडेला बारीक लाल अक्षरांत लिहिलं होतं, बसवण्याआधी काढावे.

भाऊ हसला, आणि अर्ध्यावरच थांबला. दुकानात हीच चूक केलेलं गिऱ्हाईक आलं, की बाबा जेवताना दोघांना सांगायचे, "आज एक महाराज आले होते. चष्म्यावरचा कागद न काढता वाचायला बसलेले."

"ताई, त्यांना दिसत नव्हतं का गं?"

आतून पावलं येत होती. प्लास्टिकची गोळी करून तिने मूठ मिटली.

"सापडलं का काही?" आई दारात उभी होती.

"चिपच कमजोर आहे," ती म्हणाली. "कारखान्यातूनच तशी आली असणार."

भावाने तिच्याकडे पाहिलं. मग खाली वाकून न पडलेला स्क्रू शोधू लागला.

"तरी मी त्यांना सांगत होते. तुमच्या हाताला काही झालेलं नाही म्हणून." आई जवळ आली. टेबलावरचा उलटा ठोकळा तिने लगेच ओळखला. "हा बसवताना मीच होते शेजारी. डोळ्यांपाशी नेत होते, खिडकीकडे धरत होते, किती वेळ चाललं होतं. मग माझ्यापुढे धरला. म्हणाले, बघ गं, खाली काही चिकटलेलं नाही ना? मी नीट पाहिलं. म्हटलं, काही नाही. आरशासारखं चकचकतंय."

मुठीतलं प्लास्टिक घामाने तळव्याला चिकटलं होतं.

"हो," ती म्हणाली. "आरशासारखंच आहे."

आईने बाबांची खुर्ची ओढली. "लावा परत. मला बघू दे तरी, कुठे अडतो तो."

भावाने नवी पेस्ट लावून ठोकळा बसवला. मशीन सुरू झालं. वेगाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता. ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. भाऊही पाहत होता, तिच्या बोटांकडे.

तिने साडेचार टाइप केलं.

"गेला पाचवर?" आईने विचारलं.

"नाही गं. साडेचारच."

"नाहीच जायचा तो," आई समाधानाने म्हणाली, आणि खुर्चीत मागे टेकली.

कोपऱ्यातला आकडा हिरवा होता. पंख्याचा आवाजसुद्धा येत नव्हता.