स्टोअरचा सर्व्हर

कागल एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं सगळं काम नईमभाईंनी बारा वर्षांपूर्वी लिहिलेल्या एकाच प्रोग्रॅमवर चालायचं. स्टोअरमध्ये बिघाड झाला, की गेटवर मालाच्या गाड्याही अडायच्या. २००६ साली नव्यानं आलेल्या दीक्षा कांबळेनं स्टोअर, उत्पादन, डिस्पॅच अशा प्रत्येक कामाची वेगळी सेवा, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्रॅम, बांधली. या सेवांनी लागेल तेवढीच माहिती एकमेकींकडून मागायची आणि आपापलं चालवायचं.

"एक जरी गाडी अडली, तर जुनंच परत," मालक अण्णासोंनी बजावलं होतं.

नवं सुरू झाल्यावर पहिल्याच सोमवारी, भर दुपारी, स्टोअरचा सर्व्हर बंद पडला. अण्णासो ओरडतच आले, "झालं न्हवं? पडलं की सगळं बंद!"

"फक्त स्टोअर बंद हाय, अण्णासो. गेटाकडं बघा," दीक्षा म्हणाली.

डिस्पॅचमधून गाडीचं चलन छापून आलं. वॉचमननं गेट उघडलं. भरलेली गाडी बाहेर पडली, तिच्यामागं दुसरी.

तेवढ्यात नईमभाई स्टोअरमधून आले. त्यांच्या हातात सर्व्हरची वायर होती.

"मीच काढली," ते हसत म्हणाले. "अण्णासो, माझा प्रोग्रॅम आता खुशाल पुसून टाका. हिचं काम पक्कं हाय."