अंगठ्याची पाठ

न्नेनं उजव्या अंगठ्याची पाठ घंगाळातल्या पाण्याला लावली, क्षणभर तशीच ठेवली आणि मान डोलावली.

"झकास. आण त्याला."

उगोये तान्ह्या सोमटोला छातीशी धरून मोरीच्या दारातच थांबली. लेक बाळंत झाली की तिच्या आईनं यायचं, बाळंतिणीला शेकायचं, नातवाला न्हाऊ घालायचं, आणि त्या पाण्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. न्ने, उगोयेची आई, काल संध्याकाळी गावाहून आली होती. तिच्या हातचं हे पहिलंच न्हाणं.

"न्ने, वाफ फार येतेय गं."

"या जोस शहरातल्या थंडीत तुझ्या तोंडातूनही येतेय. जीभ भाजली का तुझी?"

उगोये हसली नाही. तिची नजर आईच्या हातावर होती. अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजला होता. गेल्या वर्षी साधं फडकं पिळता येत नव्हतं. नातू यायच्या आत हात नीट व्हायला हवा, म्हणून न्नेनं ऑपरेशन करून घेतलं. चिरफाड नाही. दोन बारीक भोकं, त्यातून दुर्बीण. मसुराएवढे ते दोन व्रण ती बसमधल्या बायकांनासुद्धा दाखवत आली होती.

व्रणांच्या शेजारी पाण्यानं टरारलेला फोड होता.

"हे कधी भाजलं?"

"कुठं?" न्नेनं हात वळवून पाहिला. जरा जास्तच वेळ पाहिला. "असेल. काल कोनफळाचं सूप उतरवताना."

"कळलं नाही तुला?"

"अगं, आता अजिबात दुखत नाही, तेच तर सांगतेय! देतेस का त्याला, की तुझ्या सासूला बोलावू? ती टपूनच बसलीय."

उगोयेनं बाळ दिलं.

न्नेनं पाय लांब केले, सोमटोला नडग्यांवर निजवलं. पकड घट्ट होती. अंगठा त्याच्या काखेत नीट बसला होता. "ये रे माझ्या राजा," म्हणत तिनं दुसऱ्या हातानं मग भरला आणि उचलला.

उगोयेनं वाकून घंगाळात कोपर घातलं.

कोपर भाजताच तिनं दुसऱ्या हातानं आईच्या हातातला मग उडवला. पाणी फरशीवर सांडलं. एक शिंतोडा सोमटोच्या टाचेवर पडला. तो किंचाळला. उगोयेनं त्याला ओढून घेतलं, टाच थंड पाण्याखाली धरली. टाचेवर लाल ठिपका उमटला होता.

न्ने तशीच पाय पसरून बसली होती. नडग्यांवर आता कुणी नव्हतं.

"न्ने, हे कधीपासून?"

न्नेनं दोन्ही अंगठ्यांच्या पाठी पाण्याला लावल्या. डावा हात चटका बसून मागे आला. उजवा तिथेच राहिला.

"ऑपरेशन झाल्यापासून. मला वाटलं," ती त्या हाताकडे बघत म्हणाली, "दुखणं गेलं की असंच वाटत असेल."

सोमटो रडतच होता.

"तुझ्या सासूला फोन लाव."

उजवा हात अजून पाण्यातच होता. उगोयेनं मनगट धरून तो बाहेर काढला.