सहा हजार डावांचे आकडे

सहा जणांच्या ऑनलाइन पोकर टेबलावर तो एक जण वर्षभर मार्लिसबाईंना धूळ चारत होता, आणि प्रत्येक डावानंतर सगळ्यांना दिसेल असं लिहीत होता, "आजीबाई, तुम्ही आपलं स्वेटर विणा." नवरा गेल्यापासून अमेरिकेतल्या ड्युलुथ गावच्या त्या घरात संध्याकाळचं तेवढंच टेबल त्यांना उरलं होतं. ते सोडायचं नाही, त्यालाच तिथून उठवायचं, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली.

त्याच्या सहा हजार डावांचे आकडे काढून त्यांनी डॅरेल क्विग नावाच्या नावाजलेल्या पोकर शिक्षकाकडे पाठवले, तासाची फी भरली आणि फोन लावला.

"अहो बाई, हा तुम्हाला हरवतो?" डॅरेल खो खो हसला. "शेवटचं पान उघडल्यावर कुणी बोली वाढवली, की दहातल्या सहा वेळा हा पत्ते टाकून पळतो. समोर पैशांचा एवढा मोठा ढीग, आणि एका बोलीला घाबरतो. भित्रा ससा आहे नुसता."

"मग माझ्या हातात काही नसलं तरी वाढवू?"

"बिनधास्त वाढवा. आठवड्याभरात रडत उठेल. दयामाया दाखवू नका."

"नाही दाखवणार, सर," मार्लिसबाई हळू आवाजात म्हणाल्या.


आकडे पाठवण्याआधी त्यांनी त्यांवरचं खेळाडूचं नाव तेवढं खोडलं होतं. ते डॅरेलचं होतं.