रविवारचं दर्शन

"मिस ओडेसा आल्या का रे? पावणेदहा झालेत!" आसावरीनं गाडीतूनच विचारलं.

"येतील गं. टेन्शन घेऊ नको," मोरेश्वर म्हणाला खरा, पण टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर येरझारा तोच घालत होता. दहाला सुनावणी होती. रस्ता रुंद करायचा म्हणून टिल्मन्स कॉर्नरमधलं शेवटचं जुनं घर पाडायचं की ठेवायचं, ते आज ठरणार होतं.

टिल्मन्स कॉर्नर म्हणजे न्यू जर्सीतली एक पिटुकली वस्ती. दोनशे वर्षांपूर्वी, देशात गुलामी जोरात असताना, मोकळ्या झालेल्या काळ्या माणसांनी ती वसवली. स्वतःची जमीन, स्वतःचं चर्च, पोरांना शाळा. आता त्यातलं काही म्हणता काही उरलं नव्हतं. उरलं होतं ते एक दगडी घर.

मूळ नागपूरचा, आठवडाभर कोड लिहिणारा मोरेश्वर दीड वर्षापूर्वी सहज फिरायला तिकडे गेला आणि पार खुळावला. हातभर जाडीच्या भिंती! "बाप्पा! चाबूक खाल्लेल्या माणसांनी हे उभं केलं?" भिंतीला तळवा टेकवून तो उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. खाली तळघर होतं. तळघराच्या दाराला बाहेरून जाडजूड लोखंडी कडी. इतक्या वर्षांत अमेरिकेत दाराला बाहेरून कडी त्यानं पाहिलीच नव्हती. त्याला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. फोटो काढून त्यानं आईला पाठवला आणि खाली लिहिलं, 'आपल्यासारखेच लोक गं.'

मग काय, बसला झपाटून. टाऊनची परवानगी काढली, मित्राला, शंतनूला आणि ऑफिसातल्या दोघांना पकडून आणलं, गळकं छप्पर शाकारलं, कललेली भिंत टेकू देऊन सरळ केली. "घरचा नळ गळतोय तो बघ आधी! लष्करच्या भाकऱ्या भाजतोय नुसता," आसावरी करवादायची. पण शनिवारी डबा तीच भरून द्यायची.

आणि दर रविवारी मिस ओडेसा टिल्मन यायच्या. वय ऐंशी, वस्तीतल्या मूळ घराण्यांपैकी मागे राहिलेल्या त्या एकट्याच. चर्च सुटलं की जांभळी टोपी घालून कुंपणापाशी यायच्या, दहा मिनिटं घराकडे टक लावून बघायच्या आणि निघून जायच्या.

"आत या ना," मोरेश्वर म्हणायचा.

"नको. मी इथूनच बघते."

"दर रविवारी येता!"

"आई यायची. तिच्याआधी तिची आई."

मोरेश्वरच्या अंगावर काटा आला. तीन पिढ्या! उंबरठ्याला पाय न लावता! आपणही गाभाऱ्यात कुठे शिरतो, बाहेरूनच हात जोडतो. त्यालाही नकळत तिथे हात जोडावेसे वाटले.

त्यानंतर तो त्यांना दर रविवारी सगळं सांगायचा. कुठला वासा बदलला, कुठला दगड बसवला. मोरेश्वर बोलायला लागला की समोरच्यानं फक्त मान हलवायची. त्या हलवायच्या.

गेल्या रविवारी त्यानं विचारलंच, "सुनावणीत बोलाल ना तुम्ही?"

"मला बोलू देतील?"

"देतील म्हणजे? तुमच्याशिवाय कोणाला हक्क आहे?"

नव्या छपराकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. "फार राबलास रे पोरा," एवढंच म्हणाल्या.

दहाला पाच कमी असताना त्या आल्या. जांभळी टोपी, हातात काठी. सभागृह भरलं होतं. मोरेश्वरनं फोटो दाखवले आणि भिंतींबद्दल तो भरभरून बोलला. शेवटी तो म्हणाला, "मी बाहेरचा माणूस. ज्यांचं हे घर, त्यांचंच ऐका."

मिस ओडेसा माइकपाशी गेल्या. आसावरीनं मोरेश्वरचा हात घट्ट धरला.

"आमची घरं लाकडाची होती," त्या म्हणाल्या. "दगड आम्हाला कुठला परवडायला? हे घर एब्नर क्रूक्सचं. आमची मोकळी माणसं पकडायचा, तळघरात कोंडायचा आणि दक्षिणेत नेऊन विकायचा. माझ्या खापरपणजीची बहीण तिथूनच गेली. नऊ वर्षांची होती."

मिस ओडेसांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"त्या घराला हात लावायची आमची ताकद नव्हती. म्हणून आजीनं ठरवलं, दर रविवारी जाऊन बघायचं, किती ढासळलं ते. मग आई बघायची. मग मी." त्यांनी वळून मोरेश्वरकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, मायाच होती. "गेल्या वर्षापर्यंत छान ढासळत होतं."