दावं

एंटर दाबायच्या आधी अयोध्याचा हात थांबला. बाजूला शेंगा फोडत बसलेल्या सासूचाही थांबला.

कंधारच्या या घरात सुनेचं ऑफिस म्हणजे मधली खोली. कंपनी नांदेडची, गावोगाव इंटरनेट पुरवणारी. नांदेडचा राउटर लातूरच्या राउटरशी सारखा बोलत असतो; कुठल्या गावाला कुठून जायचं ते दोघं एकमेकांना सांगत असतात. रस्ते बदलले की ते बोलणं तोडून नव्यानं जोडून द्यायचं, हे अयोध्याचं काम. तोडताना आपणच बाहेर फेकले जाऊ नये म्हणून ती नांदेडच्या राउटरला आधी बजावून ठेवायची, की थोड्या वेळात माझा होकार आला नाही तर मुकाट्यानं जुन्या मांडणीवर परत जा. हे काय करून राहिलीस, असं सासूनं, रुक्मिणबाईंनी, एकदा विचारलं, तेव्हा तिनं त्यांना समजेल असं सांगितलं होतं: दावं बांधते, आत्याबाई. सुटलं तरी लांब जायला नको. तेव्हापासून हे रोजचंच झालं. सासू विचारायची, दावं बांधलं का? सून म्हणायची, बांधलं.

आजही सासूनं विचारलं. सुनेनं नुसतं एंटर दाबलं.

आता सासऱ्यांना, अर्जुनरावांना, वाईट कोण म्हणेल? लग्न झाल्यावर सुनेनं रोज नांदेडला जायचं की नाही, यावर त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. फिरती खुर्ची आणली, इन्व्हर्टर बसवला, कूलर आणला. घरबसल्या होतंय, मग एसटीचे धक्के कशाला खायचे, एवढंच म्हणाले. नवरा देगलूरला बँकेत, आठवड्यानं यायचा, आणि त्याचं उत्तर ठरलेलं: बाबांना विचार. सासरे गावभर सुनेचं कौतुक सांगत फिरायचे आणि सून त्या खुर्चीत बसल्या बसल्या गोल फिरायची. तिचा जीव गुदमरायचा. बाहेरून कुणी कडी लावली असती, तर दार ठोठावता तरी आलं असतं.

लॅपटॉपचा पडदा गोठला. नव्या रस्त्यांमध्ये कंधारचा रस्ता भरायचा राहिला होता. राहिला म्हणा की राहू दिला म्हणा, तिलाही ते धड सांगता आलं नसतं. नांदेड चालू, लातूर चालू. बंद पडलं ते कंधार, आणि बाहेर राहिली ती अयोध्या.

लगेच दुकानातून हाक आली. घराच्या पुढच्या अंगाला अर्जुनरावांचं खताचं दुकान. पेरणीचे दिवस, दारात ही गर्दी, आणि नेट गेल्यानं आधारचं मशीन कुणाचा अंगठाच घेईना. अंगठा लागल्याशिवाय पोतं देता येत नाही. अर्जुनराव तरातरा आत आले. मोबाइलच्या नेटवरून दुरुस्त कर म्हणाले. तिनं सांगितलं, कंपनी फक्त या घराच्या लाइनीवरून आत घेते, आणि तीच लाइन पडलीय. मग नांदेडला फोन लाव म्हणाले, आणि मला बी ऐकू दे.

नांदेडच्या ऑफिसात नागसेन होता. लग्नाआधी तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"एवढंच ना? मी राउटरला केबल लावतो, तू फोनवरून सांगत जा. आत्ता होऊन जाईल, अयोध्या."

"बघ," अर्जुनराव म्हणाले, आणि त्यांनी कपाळाचा घाम पुसला. झालं. एक फट दिसली होती, तीही बुजली. अयोध्याला एकदम रडूच आलं, पण सासऱ्यासमोर रडायचं कशापायी म्हणून सांगायचं? दुकानात कुणीतरी ओरडत होतं, सावकार, बैलगाडी उन्हात हाय. तिनं फोन तोंडाजवळ नेला.

"नागसेन, माझं टेबल हाय का रे अजून तिथं?"

पलीकडे केबल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"थांबा, मॅडम," नागसेन म्हणाला. आजवर त्यानं तिला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. "बघून राहिलो. न्हाई, हे माझ्या हातचं न्हाई. तुम्हालाच यावं लागंल."

अर्जुनरावांनी फोनकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या गर्दीकडे. स्वतः सोबत जावं तर गल्ल्यावर कोण बसणार? ते मान खाली घालून म्हणाले, जा, पण सांजच्या गाडीनं माघारी ये. आणि निघून गेले.

अयोध्यानं साडी बदलली, पर्स घेतली. चप्पल सापडेना. कुठे ठेवली होती तेच आठवेना, इतक्या दिवसांत लागलीच नव्हती. ती रुक्मिणबाईंनी पलंगाखालून काढून पुढं सरकवली आणि फडक्यात बांधलेली भाकरी तिच्या हातात दिली.

"आज दावं बांधलं न्हाईस," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

अयोध्या उंबऱ्यातच उभी राहिली.

रुक्मिणबाईंनी दुकानाच्या बाजूला एकवार पाहून घेतलं.

"पुढच्या बारीला बिघडवशील तवा मला आदल्या दिशी सांग," त्या म्हणाल्या. "मी बी लुगडं काढून ठेवते."