उजवा पाय

"रात्री झोप लागते?"

"लागते."

"भीती वाटते?"

"छे!"

उद्या माझं हृदयाचं ऑपरेशन. त्याआधी समुपदेशक मॅडम कॉटशेजारी बसून फॉर्म भरत होत्या. मी तीस वर्षं एसटी चालवली. दरवर्षीच्या तपासणीत असल्या प्रश्नांना 'सगळं ठीक' म्हणायचं, नाहीतर गाडी हातातून जाते, हे अंगात मुरलेलं.

"काका, खरं बोललात म्हणून ऑपरेशन रद्द होत नाही," त्या म्हणाल्या. "मघापासून उजव्या पायानं काय दाबताय?"

मी खाली पाहिलं. पाय फरशीवर करकचून ब्रेक दाबत होता.

"उद्या गाडी दुसऱ्याच्या हातात," मी पुटपुटलो, "आणि मी झोपलेला."

मॅडमनी फॉर्म बाजूला ठेवला. "सर्जनना बोलावते. त्यांना काय विचारायचंय?"

"एवढंच," मी म्हणालो. "रात्री झोप लागते?"