मावशीचा अंगठा

"मावशी, आज तोंडाला कुलूप हं," भाचीनं कॉलेजच्या दारातच बजावलं. "तू भांडलीस की माझं वर्ष गेलंच समज."

"मी कशाला भांडू? मला काय हौस आहे?" मावशी म्हणाली.

हौस होती. तिच्या पार्लरमध्ये येणाऱ्या बायकांना विचारा. घरात तर तिला तोफच म्हणत. पण आज तिनं मनाशी पक्कं ठरवलं होतं. बहीण गेल्यापासून पोरीला तिनंच वाढवलं होतं, आणि पोर गेल्या वर्षी या पदव्युत्तर परीक्षेत आपटली होती. आज पुन्हा आपटली तर कॉलेजातून नावच कमी होणार होतं.

शिक्षण तरी कसलं! उद्या येऊ घातलेली यंत्रं आजच कल्पनेनं घडवायची, लोकांपुढे मांडायची आणि विचारायचं, बाबांनो, असं जगायला चालेल का तुम्हाला? एवढं विचारायला कॉलेज कशाला लागतं, हे मावशीला आजवर कळलं नव्हतं.

"तुझं काम बघून कुणाच्या पोटातलं पाणीही हलत नाही," असं परीक्षकांनी तेव्हा सुनावलं होतं. यंदा मात्र पोरीची पेटी चक्क एका कंपनीनं विकायला उचलली होती. कंपनीचा टाय लावलेला माणूस परीक्षेच्या दालनात पेटीपाशी जातीनं उभा होता.

ही पेटी घरात ठेवायची. कुणाचा आवाज चढला की ती गोड बोलून भांडण मिटवणार. त्यासाठी आधी तिच्यावर अंगठा टेकवून आपलं नाव सांगायचं, बस्स.

रांग भराभर सरकत होती. विभागप्रमुख बाईंनी अंगठा टेकवला. दोन्ही परीक्षकांनी टेकवला. त्यांतले टकले परीक्षक तर पेटी खालून-वरून तपासून "वा, झकास!" म्हणाले. सगळ्यांत शेवटी मावशी.

"ही माझं बोलणं ऐकत बसणार?" तिनं टायवाल्याला हळूच विचारलं.

"हो ताई, चोवीस तास."

"आणि माझा आवाज ठेवणार कुठे?"

"कंपनीकडे. कायमचा."

"मी मेल्यावरही?"

"तेव्हा तर घरच्यांना तो विकत घेता येईल," माणूस हसून म्हणाला.

मावशीच्या डोळ्यांपुढे बहीण आली. तिचा आवाज कुणी असा दुकानात मांडला असता तर?

"मला नाही टेकवायचा अंगठा."

"ताई, सगळ्यांनी टेकवलाय. एक जरी राहिला तरी प्रात्यक्षिक अपुरं राहतं. मग नापासच."

मावशीनं भाचीकडे पाहिलं. भाचीनं मान खाली घातली.

मावशीचा अंगठा पेटीपाशी जाऊन अडला. या पोरीसाठी आपण काय केलं नाही? मग एवढंसं का जमू नये? तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच तोफ उडाली.

"नाही म्हणजे नाही! पोर नापास झाली तर पुन्हा पहिल्यापासून शिकवीन, मी आहे अजून खंबीर! पण माझा आवाज माझा आहे. आणि तुम्ही काय हो, सगळे मुकाट अंगठे टेकवून मोकळे झालात?"

तिनं पेटी ढकलून दिली. पेटी खाली पडली आणि उघडली. आत एक चिमुकला दिवा आणि दोन सेल होते.

मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. "मेले मी! पोरीचं वाटोळं केलं गं बाई."

टकले परीक्षक वाकून बघत राहिले. "यात तर काहीच नाही! मग आम्ही तपासलं काय?"

कंपनीच्या माणसानं टाय सोडला आणि तो भाचीच्या वर्गातल्या पोरांमध्ये जाऊन बसला.

भाचीनं मावशीला घट्ट मिठी मारली. तिचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. मग ती वळली आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "परीक्षेला पेटी नव्हतीच, सर. तुमची रांग होती, आणि तिच्यात पास झाली एकटी माझी मावशी."